रेंज गेली की आंधळी होणारी पेटी

कुपवाड एमआयडीसीत हल्ली कुठल्याही कारखान्यात जा, पॅनेलमध्ये लांबून देखरेख करणारी एक पेटी बसवलेली असते आणि मालक कौतुकानं मोबाइल पुढं करतात. भट्टीचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब, मीटरचा केव्हीए, सगळं स्क्रीनवर. पॅनेल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करणारा माणूस म्हणून स्पष्ट सांगतो: मी उघडून पाहिलेल्या यातल्या बहुतेक पेट्या राखण करतच नाहीत. नेट आहे तोवर आकडे दाखवतात, एवढंच. आणि या अर्धवट मालाला ‘स्मार्ट’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं उदाहरण घ्या. चेंबरमध्ये शेतकऱ्यांचा वर्षाचा माल. सेन्सर उत्तम, पीटी 100. पण तापमान किती चढलं की ओरडायचं, हे पेटीला ठाऊकच नव्हतं. ती मर्यादा पुरवठादाराच्या सर्व्हरवर. सिमचा रिचार्ज संपला, त्याच रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि पेटी गप्प बसली. सकाळी ऑपरेटरनं दार उघडलं तेव्हा चेंबर तापलेला. आत मेमरी कार्ड नाही, त्यामुळं रात्री नेमकं काय घडलं याची नोंदही नाही. पुरवठादाराचं उत्तर दोन शब्दांचं: नेटवर्क इश्यू. हे ऐकून माझं डोकं फिरतं. नेटवर्क जाणारच! 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, सांगलीच्या कितीतरी भागांत वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. ज्या दिवशी राखणदार सर्वांत जास्त लागतो, नेमक्या त्याच दिवशी पेटी आंधळी होणार असेल तर तिला पैसे कशाचे मोजायचे?

वायरिंगची तऱ्हा वेगळीच. मीटरचे आकडे पेटीपर्यंत नेणारी आरएस-485 ची केबल मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या पॉवर केबलला खेटून एकाच ट्रेमधून नेतात, शील्ड कुठंच अर्थ करत नाहीत, आणि रीडिंग उड्या मारायला लागलं की मीटर खराब म्हणून हात झटकतात.

त्याहून गंभीर गोष्ट लांबून उघडायच्या दाराची. स्टॅटिक आयपी घ्यायचा, राउटरवर पोर्ट उघडायचा, कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवायचा, की झालं काम. ही उपकरणं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तो मॉडबस प्रोटोकॉल 1979 चा आहे. त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. पोर्ट सापडला की कोणीही रजिस्टर वाचतो, लिहितोसुद्धा. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याचा कंट्रोलर हल्लेखोरांनी असाच ताब्यात घेतला. त्या बनावटीच्या कंट्रोलरचा मूळ पासवर्ड होता 1111. तिथल्या माणसांना पंप हातानं चालवता येत होता म्हणून निभावलं. आपल्याकडं अमोनियाचा प्लँट असाच उघड्यावर टाकणाऱ्याला मी तंत्रज्ञ म्हणणार नाही.

नीट काम करायला लाखो रुपये लागत नाहीत. मर्यादा पेटीतच भरा, हूटर तिच्या रिलेवर घ्या. 24 व्होल्टच्या सप्लायला बॅटरी जोडा, नोंदी आतल्या कार्डावर ठेवा, रेंज आली की त्या वर जाऊ द्या. बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडू नका. पेटीनंच आतून व्हीपीएन जोडावा. लांबून फक्त बघता यावं, सेटिंग बदलायचं तर पॅनेलसमोर उभं राहूनच.

कारखानदारांनो, शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे पासवर्ड लेखी मागून घ्या आणि बदला. मग पुरवठादारासमोर सिम काढा, मेन स्विच पाडा आणि सेन्सर गरम पाण्यात बुडवा. हूटर वाजला नाही, तर चेक फाडू नका.