पहिले नाव चिकनचे, म्हणून खाद्य उत्तम?

संपादक महोदय,

घटकांच्या यादीत चिकन पहिले, म्हणजे कुत्र्याचे खाद्य चांगले, हे आपल्या अंकातील मत दिशाभूल करणारे आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन शिजवण्याआधीचे. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी. ते उडाले की यादीत नंतर येणारा मकाच पुढे सरकतो. मक्याचे पीठ, मक्याचे ग्लुटेन अशी नावे वेगळी छापली की धान्य कमी भासते. प्रथिनेही ओलावा वजा करूनच ताडून पाहावीत: ७८ टक्के ओलाव्याच्या डब्यावरील ८ टक्के म्हणजे कोरड्या वजनाचे ३६ टक्के.

भाकरीवर शेवभाजीचा रस्सा घालण्याचा त्याच अंकातील सल्ला तर घातकच. खानदेशी रस्स्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. हा सल्ला पुढील अंकात मागे घ्यावा.

एक वाचक, धुळे