घराला तडा गेला तर पैसे कुणी द्यायचे?

कोंढव्यात फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "भाई, आपलाच माणूस आहे, कागदाचं काय घेऊन बसलात?" मिठानगर असो, कौसरबाग असो की भाग्योदयनगर, एजंट बदलतो पण हे वाक्य बदलत नाही.

आणि ते चालतं, कारण घेणाऱ्याला फारसा पर्याय नसतो. भवानी पेठेतली, नाना पेठेतली किंवा कॅम्पातली खोली आता पुरत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला चौकशी केली, तर नाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक "बुक झालेला" असतो. मग बायकोचे दागिने, गावाकडची जमीन, भावाने दुबईहून पाठवलेले पैसे असं सगळं गोळा करून माणूस कोंढव्याला येतो. अर्धे पैसे चेकने, अर्धे रोख. करारनामा रजिस्टर करायचा, तर "सध्या नोटरी करू, नंतर बघू". दोन पावसाळ्यांत बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतं, बीमला तडा जातो, लिफ्टचा खड्डा खड्डाच राहतो आणि भोगवटा पत्राचा पत्ता नसतो. तोवर आपला माणूस पुढच्या गल्लीत नव्या भागीदारांबरोबर, नव्या फर्मच्या नावाने पाया खोदत असतो.

नुकसान भरून कोण देणार? कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं आहे, अडचण त्याच्या पुढे आहे. 2016 च्या रेरा कायद्यातल्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. घर वेळेत मिळालं नाही, तर कलम 18 नुसार व्याजासह पैसे परत मागता येतात. बिल्डर देत नसेल, तर महारेरा वसुलीचं वॉरंट काढते आणि जिल्हाधिकाऱ्याने ते पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायचे असतात. पण ज्याच्या नावावर काही उरलेलंच नाही, त्याच्याकडून तहसीलदार काय वसूल करणार?

नेमकी हीच फट बुजवण्यासाठी याच कायद्यात कलम 16 आहे. जमिनीच्या मालकीहक्काचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने काढायचा, हप्ता त्यानेच भरायचा आणि विक्रीचा करार झाला की विम्याचा लाभ घर घेणाऱ्याकडे जायचा, असं त्यात म्हटलं आहे. फक्त एक शब्दप्रयोग मध्ये घुसवला आहे: सरकार अधिसूचित करील ते विमे. महारेराचं काम 1 मे 2017 ला सुरू झालं. तेव्हापासून पुण्यात फ्लॅट घेतलेल्या दहा ओळखीच्या माणसांना विचारा, बांधकामातल्या दोषाची पॉलिसी कुणाच्या फाइलीत आहे? मी विचारून पाहिलं. बहुतेकांनी बँकेने गळ्यात घातलेली पॉलिसी दाखवली. ती कर्जदार मेला तर बँकेचं कर्ज फेडते, घर पडलं तर तिचा काही उपयोग नाही. एकाने घरविम्याची पॉलिसी दाखवली, 'भारत गृह रक्षा'. आग, भूकंप, पूर यांसाठी ती चांगली आहे. पण जमीन खचल्याची भरपाई जिथे लिहिली आहे, तिथेच सदोष आराखडा, सदोष काम आणि सदोष माल यांमुळे झालेलं नुकसान वगळलं आहे. म्हणजे आपल्याला ज्याची भीती आहे, तेच बाहेर.

बिल्डर म्हणतील, विमा सक्तीचा केला तर घरं महागतील. महागतील, थोडी. पण मला त्या भरपाईपेक्षाही दुसरी गोष्ट मोलाची वाटते. उद्या ज्या कंपनीच्या खिशातून पैसे जाणार आहेत, ती पाया भरण्याआधी आपला इंजिनिअर पाठवते. सळई किती जाडीची, काँक्रीटचा नमुना तपासला का, आराखड्यात चार मजले आणि वर सहा कसे? आज ज्याच्या सहीने इमारत उभी राहते, त्याचं ती पडल्यावर काही जात नाही. फार तर निलंबन होतं. 24 सप्टेंबर 2012 ला तळजाई पठारावर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. 29 जून 2019 च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यातच एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि 15 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. दोन्ही वेळा चौकश्या माणसं मेल्यानंतर सुरू झाल्या.

आता आपल्या घरातला आक्षेप. विम्याचा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "इन्शुरन्स तर हराम आहे." त्यात गरर आहे, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा, जुगाराचा अंश आहे, व्याज आहे. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. 1985 साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाकारला, पण त्याच ठरावात परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा मान्य केला. इजिप्तच्या दिवाणी संहितेत कलम 651 आहे. इमारत कोसळली किंवा तिच्यात गंभीर दोष निघाला, तर कंत्राटदार आणि वास्तुविशारद दहा वर्षं जबाबदार. ही कल्पना फ्रान्सच्या कायद्यातून आली. फ्रान्सने पुढे 1978 मध्ये त्या जबाबदारीला सक्तीच्या विम्याची जोड दिली. आणि ज्या सौदी अरेबियाचं नाव आपल्याकडे प्रत्येक वादात घेतलं जातं, तिथल्या मंत्रिमंडळाने 2018 मध्ये खासगी इमारतींच्या छुप्या दोषांचा विमा कंत्राटदारांवर बंधनकारक करायचं ठरवलं. आपल्याकडे मौलानासाहेबांच्या ॲक्टिव्हाचासुद्धा थर्ड पार्टी विमा असतो, कारण कायदा तो मागतो. तो चालतो, मग बिल्डरने काढायचा विमाच तेवढा का खटकतो?

गररच शोधायचा असेल, तर तो रोख वीस लाख देऊन नोटरीच्या कागदावर घेतलेल्या, अजून न बांधलेल्या तिसऱ्या मजल्यात शोधा. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी आतलं ओलं धान्य बाहेर काढलं, ही सहीह मुस्लिममधली हदीस प्रत्येक जुम्म्याच्या खुतब्यात सांगण्यासारखी आहे. वरून कोरडं दाखवून आतला दोष लपवणाऱ्याला त्यांनी आपला मानलं नाही. फिकहमध्ये दोष निघाल्यावर सौदा मोडण्याचा खरेदीदाराचा हक्क आहे. तो हक्क बिल्डरला सांगणारा कुणी का भेटत नाही?

'आपला माणूस' हे दुखणं आपल्यापुरतं नाही, हेही सांगितलं पाहिजे. डी. एस. कुलकर्णी यांच्यावर पुण्याच्या मराठी मध्यमवर्गाने असाच भरवसा टाकला होता. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांना अटक झाली आणि ठेवीदारांबरोबर फ्लॅट बुक केलेले लोकही अडकले. तिथे निदान वर्तमानपत्रांचं लक्ष होतं.

आपल्या गल्लीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती बरेचदा रेरातच बसत नाही. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासं कमी. कोंढव्यात, मुंब्र्यात, भिवंडीत गरिबाची इमारत दोन-तीन गुंठ्यांवरच उभी राहते. उद्या कलम 16 ची अधिसूचना निघाली, तरी ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो बाहेरच राहील. म्हणून मागणी दुहेरी हवी: अधिसूचना काढा, आणि छोट्या इमारतीला बांधकाम परवाना देतानाच महापालिकेने दहा वर्षांची पॉलिसी मागावी.

दहाच वर्षं का? 24 ऑगस्ट 2020 ला महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी बसली आणि 16 जणांचा जीव गेला. ती काही जुनाट चाळ नव्हती, तिचं वय दहा वर्षांच्या आतबाहेरचं. रेराची पाच वर्षं तिच्या रहिवाशांना पुरली नसती.

सरकार अधिसूचना काढील तेव्हा काढील. तोवर मशिदींच्या ट्रस्टना एक गोष्ट करता येईल. ज्या बिल्डरने भोगवटा पत्राशिवाय ताबा दिला आहे, त्याची देणगी घ्यायची नाही आणि इफ्तारच्या बॅनरवर त्याचा फोटो लावायचा नाही. मी हे ओळखीच्या एका विश्वस्तांना सुचवलं. भले गृहस्थ आहेत, हसले. म्हणाले, "बात सही है. पण मग मशिदीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब कोण टाकून देईल?"