आईचा डोळा आणि तीन रकाने

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सगळं व्यवस्थित पार पडलं, आई मजेत आहे, त्यामुळे हे रडगाणं नाही. (थोडंसं आहे. पण ते डॉक्टरांविषयी नाही, माझ्याविषयी आहे.)

ऑपरेशनच्या आधी आम्हाला एका छोट्या केबिनमध्ये बसवलं. समोरच्या ताईंनी लॅमिनेट केलेला एक कागद पुढे सरकवला. त्यावर लेन्सचे तीन रकाने: इंडियन, इम्पोर्टेड, प्रीमियम. इम्पोर्टेडचा आकडा इंडियनच्या दुप्पट. प्रीमियमचा आकडा बघूनच पोटात गोळा यावा असा.

"पहिल्या दोन्हींत नक्की फरक काय?" मी विचारलं.

ताई गोड हसल्या. "सर, इंडियन पण चांगलीच असते. पण आईंसाठी घेताय ना..."

संपलं! वाक्य पूर्ण करायची गरजच नव्हती. आई शेजारून म्हणत होती, "अरे, कशाला एवढी महागातली? माझं वय काय आता?" पण मुलगा आयटीत, त्याने आईच्या डोळ्यात 'इंडियन' बसवायची म्हणजे काय! मी मधल्या रकान्यावर बोट ठेवलं.

आता खरी गंमत. काही वर्षांपूर्वी मी एका प्रॉडक्टच्या प्रायसिंग पेजवर काम केलंय. बेसिक, प्रो, एंटरप्राइज. तिसरा प्लॅन फारसं कोणी घेत नाही, तो असतो मधला स्वस्त वाटावा म्हणून. त्या मधल्या रकान्याला जाड बॉर्डर आणि 'मोस्ट पॉप्युलर'ची पट्टी मीच लावली होती. आणि तोच मी, समोर तसाच कागद आल्यावर, शहाण्या मुलासारखा मधला प्लॅन घेऊन मोकळा झालो. लेन्सबद्दल एकही धड प्रश्न न विचारता.

घरी आल्यावर फाइल चाळली. आत लेन्सच्या डबीवरचं स्टिकर होतं: कंपनी, मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर. ते वाचता वाचता मनात आलं, की या एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे का पडतात? त्या रात्री बसल्या जागी वाचत वाचत मी थेट मदुराईला पोचलो.

पण त्याआधी आमच्या आजोबांचा चष्मा. ऐंशीच्या दशकात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यातलं धूसर झालेलं भिंग काढून टाकलं आणि त्या जागी काहीच बसवलं नाही. मग आयुष्यभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. समोरचं मोठं दिसायचं, कडेचं दिसायचंच नाही. पायरी उतरताना ते आधी पाय चाचपत. आम्हा पोरांना मजा वाटायची.

खरं तर कृत्रिम भिंग तेव्हा नवं नव्हतं. हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरने लंडनमध्ये १९४९ सालीच ते बसवलं होतं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे एका अॅक्रिलिक प्लॅस्टिकचे, तुकडे शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण परदेशी लेन्सची किंमत ऐंशीच्या दशकाअखेर शंभर डॉलरच्या आसपास होती. आजोबांसारख्यांच्या वाट्याला चष्माच.

मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं होतं. संधिवाताने बोटं वाकडी झालेला हा माणूस त्याच बोटांनी ऑपरेशनं करायचा. निम्म्याहून जास्त रुग्ण मोफत किंवा नाममात्र दरात, आणि पैसे देणाऱ्यांच्या जिवावर सगळा गाडा चालवायचा, असा त्यांचा हिशोब. या हिशोबात शंभर डॉलरची लेन्स बसत नव्हती. दानात लेन्स यायच्या, पण दानावर किती डोळे चालणार?

तेव्हा त्यांनी १९९२ मध्ये स्वतःच कारखाना काढला. ऑरोलॅब. अमेरिकेतल्या सेवा फाउंडेशनच्या डेव्हिड ग्रीन यांनी तंत्रज्ञान मिळवून द्यायला मदत केली. अमेरिकेत पीएच.डी. केलेल्या पी. बालकृष्णन या इंजिनिअरने पुढे कित्येक वर्षं कंपनी सांभाळली. आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना शिकवून कामावर घेतलं. लेन्सची किंमत सुरुवातीला दहा डॉलरच्या आसपास आली आणि पुढे साधी लेन्स त्याच्याही बरीच खाली गेली. युरोपचं सीई प्रमाणपत्र मिळालं. आज त्यांचा माल शंभराहून जास्त देशांत जातो. लेन्सबरोबर टाके घालायचे धागे आणि डोळ्यांची औषधंसुद्धा.

माझ्यातल्या इंजिनिअरला जे भिडलं ते हे: आपण आधी वस्तू बनवतो आणि मग गिऱ्हाईक किती देईल ते बघून किंमत लावतो. इथे किंमत ही रिक्वायरमेंट होती. पहिल्या पानावर लिहिलेली, लेन्सच्या पॉवरइतकीच पक्की. 'एवढ्या पैशात बसली नाही तर आपण काहीच बनवलं नाही' असं गृहीत धरून काम करणं वेगळं, आणि सेल लावणं वेगळं.

२०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. चांगलंच झालं. पण तिथे किंमत उतरवायला हुकूम लागला. मदुराईत ती कारखान्यात उतरली.

आता, 'ऑरोलॅब ट्रस्टची आहे, नफ्याचं दडपण नाही, गिऱ्हाईक म्हणून अरविंद घरातच उभं, मग काय कठीण?' असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून हक्काचं मोठं गिऱ्हाईक असणं ही चैन सगळ्यांना मिळत नाही. पण शंभर देशांतले डॉक्टर काही घरातले नव्हेत. त्यांना पटायला माल चांगलाच लागतो.

आणि हेही खरं की सगळ्या लेन्स सारख्या नसतात. घडी घालून छोट्या छेदातून सरकवता येणारी आणि कडक लेन्स यांत फरक आहे. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल, तिरपेपणा सुधारणारी टोरिक, या खरोखर वेगळ्या वस्तू आहेत. काही जणांना त्यांची गरज असते. त्या कंपन्यांनी संशोधनावर पैसा घातलाय, तो त्या वसूल करणारच. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

माझं भांडण त्या रकान्यांच्या नावांशी आहे. 'इंडियन' हा काही लेन्सचा प्रकार नव्हे! कडक की घडीची, एका अंतराची की अनेक, कुठलं मटेरियल, कुठलं मॉडेल, हे प्रकार. देशाचं नाव लिहिलं की माणूस गुणांची तुलना न करता स्वतःच्या प्रेमाची किंमत लावायला लागतो. आणि आपल्या पिढीची गोची अशी, की आईबाबांना वेळ देता येत नाही म्हणून आपण जास्तीचे पैसे देतो. समोरच्याला ते बरोबर कळतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आई हॉलमध्ये उभी राहून भिंतीकडे बघत होती. "अरे, ही भिंत पांढरी आहे? मला इतके दिवस पिवळट वाटायची." मग एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, लहान मुलासारखं तिने सगळं घर बघितलं. तो आनंद स्टिकरवरच्या देशाचा नव्हता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी आहे. या वेळी मी केबिनमध्ये नाही, डॉक्टरांनाच विचारणार आहे: आईच्या डोळ्याला काय हवंय, आणि या दोन लेन्समध्ये तिला दिसण्यात काय फरक पडेल? फरक पडणार असेल तर पैसे आनंदाने देईन. नसेल तर पहिल्या रकान्यावर बोट ठेवीन, आणि उरलेल्या पैशांत आईला घेऊन चार दिवस कोकणात जाईन. दोन्ही डोळ्यांनी समुद्र बघू दे की तिला!