पनवेलचीं चाकें

बंदर म्हटलें म्हणजे गलबतें, वखारी आणि हमालांची धांवपळ एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु बंदराच्या आश्रयानें वाढलेले धंदे पुष्कळदां बंदराहूनहि अधिक बोधप्रद असतात. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील पनवेल हें याचें उत्तम उदाहरण होय.

गाढी नदीच्या मुखाजवळ, खाडीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. मुंबईचे मचवे भरतीबरोबर येथवर येत. पुढें बोरघाट चढून पुण्यास जावयाचें तें जमिनीवरून. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्यांची पनवेलीस रीघ लागली. जेथें होडी थांबते व गाडी जुंपली जाते, तेथें चाकांचा धंदा भरभराटीस यावा यांत नवल तें काय? देशावरचा प्रत्येक गाडीवान येथून चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशी नोंद सरकारी गॅझेटियरांत सांपडते.

लांकडी चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांची भागीदारी. सुतारानें तुंब्यांत आरे बसवावे, त्यांवर लांकडी घेर जोडावा. मग लोहारानें लोखंडी धांव तापवून वर चढवावी व पाणी ओतावें. निवतांना लोखंड आकसतें आणि सारे सांधे घट्ट आवळले जातात.

पुढें आगगाडी आली. १८५३ सालीं ती मुंबईहून ठाण्यास पोंचली, १८६३ सालीं बोरघाट चढली आणि पुण्याचा व्यापार पनवेलीस वळसा घालून जाऊं लागला. तरीहि चाकांचा लौकिक विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला. वाट बदलली, पण हातची विद्या लगेच गेली नाहीं.

स्कॉटलंडांत क्लाइड नदीवरील पोर्ट ग्लासगो गांवाची कथा अशीच आहे. नदी उथळ म्हणून ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनीं १६६८ सालीं तेथें बंदरासाठीं जागा घेतली. पुढें नदी खोल केल्यावर जहाजें थेट ग्लासगोस जाऊं लागलीं. पण त्या गांवानें जहाजें बांधण्याची विद्या संपादिली होती. ‘कॉमेट’ ही प्रसिद्ध आगबोट १८१२ सालीं तेथेंच बांधली गेली.

पनवेलीनेंहि निराळा उद्योग पाहिला. घाटांत आगगाडी सुरू झाल्यावर नऊ वर्षांनीं, १८७२ सालीं, येथें धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. त्याचें नांव ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा.

आज द्रुतगती मार्ग याच परिसरांतून निघतो आणि २०२५ सालीं पनवेल तालुक्यांत विमानतळहि झाला. पनवेल पुन्हां हमरस्त्यावर आलें आहे. परंतु वाटसरूंच्या गर्दीनें गांव श्रीमंत दिसतें. टिकतें तें स्वतःच्या कसबावर. आजच्या प्रवाशानें पनवेलीहून कोणती जोडी घेऊन जावी, याचें उत्तर तेथील तरुणांनीं शोधावयाचें आहे.