माझी वही कुणी वाचू नये



रोजनिशी म्हणजे सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो एवढंच लिहायचं, असं वर्गातल्या बऱ्याच मुलांना वाटतं. माझं मत तसं नाही. दात तर सगळेच घासतात. ज्या दिवशी राग येतो, रडू येतं, त्या दिवसाचं लिहावं.

आमच्या इंदापूर तालुक्यात ऊस फार. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीची माणसं येतात. त्यांचा एक मुलगा यंदा माझ्या शेजारी बसायचा. गोट्यांत मला रोज हरवायचा. मग कारखान्याचा पट्टा पडला. सोमवारी बघतो तर कोप्या मोकळ्या, नुसती चुलीची राख. सांगून पण गेला नाही! मला लई राग आला. घरी म्हणाले, "येईल की पुढल्या साली, त्यात रडायचं काय?" मला जेवण जाईना. मग वहीत दोन पानं लिहिली. लिहिता लिहिता ध्यानात आलं, त्याला तरी कुणी विचारलं असेल का? रात्रीच गाडी भरली असेल. राग गेला. वाईट वाटायचं राहिलंच, पण झोप लागली.

साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही पाच दिवसांत. मधे सोळा वर्षं गेली! मनात केवढं साठलं असेल. आणि अ‍ॅन फ्रँक नावाची मुलगी हिटलरच्या भीतीनं १९४२ पासून दोन वर्षं अ‍ॅमस्टरडॅम शहरात घरच्यांबरोबर लपून राहिली. बाहेर खेळायला जाता येईना. मग तिनं रोजनिशीलाच किटी नावाची मैत्रीण मानलं आणि तिला पत्रं लिहिली.

आता मोठ्या माणसांना विनंती. आमची वही चोरून वाचू नका. आमच्या घरातल्या एकानं माझं पान पाहुण्यांपुढं मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मग आठ दिवस मला एक ओळ सुचली नाही. कुणी म्हणेल, साने गुरुजींचं तर सगळे वाचतात. पण ते त्यांनी आपण होऊन लोकांना दिलं. शाळेतसुद्धा रोजनिशीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासू नयेत. त्याला शुद्धलेखनाची वही आहेच की.

माझी वही कुठं ठेवतो ते इथं लिहीत नाही. दिवाळीनंतर कोप्या पुन्हा उभ्या राहतील. तो आला तर ती दोन पानं त्याला मात्र वाचायला देणार आहे.

— इयत्ता ४ थी