विंडोज १० गेलं, 'डी' ड्राइव्ह जाऊ देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. आता सावद्यात जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकून मागतात. परवा एका केळी व्यापाऱ्याच्या दुकानात इन्स्टॉलर 'इरेज डिस्क'वर आला. "फक्त सी उडेल ना?" नाही भाऊ! अख्खी डिस्क पुसली जाते, डीमधल्या हिशेबांसकट.

आधी बॅकअप. मग 'समथिंग एल्स' निवडा. सीच्या जागी ईएक्सटी४, माउंट पॉइंट रूट. डी एनटीएफएसच राहू द्या, फॉरमॅटची खूण नको. ईएफआय पार्टिशनही फॉरमॅट करू नका. ईएक्सटी४ जर्नल ठेवते, म्हणून लाइट गेली तरी फाइल सिस्टम बहुधा सावरते. सेव्ह न केलेली पावती मात्र गेलीच.

भाऊंनी पोराला पेन ड्राइव्ह आणायला पिटाळलं.