चालवायचं नसेल तर बांधता कशाला?

तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटली. शेवटची अकरा एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात. खिडकीतून चिठ्ठी आत यायची आणि दर दोन-चार चिठ्ठ्यांमागे मला सांगावं लागायचं, "मावशी, हे बाहेरून घ्या." बाहेर म्हणजे समोरचं मेडिकल. पैसे वाचतील म्हणून दोन तास एसटीने आलेल्या बाईला मी हे सांगत होतो. माझी मान खाली जायची. मागणीपत्रावर सही अडवून बसणाऱ्याची कधी गेली नाही.

मग आमचं श्रेणीवर्धन जाहीर झालं. तीसच्या पन्नास खाटा! इमारत उठली, कोनशिला बसली, फीत कापली. पदं तेवढी भरली नाहीत. भूल देण्याचं यंत्र मी निवृत्त झालो त्या दिवशीही प्लास्टिकच्या आवरणात होतं, कारण भूलतज्ज्ञच नव्हता. एका पावसाळी रात्री अडलेली बाळंतीण आली. सिझर कोण करणार? १०८ बोलावून तिला जिल्ह्याला धाडलं. घाट उतरण्याआधीच गाडीत बाळ झालं. ते रडलं नाही. आमच्या केसपेपरवर एवढंच: रेफर.

पैशाचा प्रश्नच नाही, नियोजनाचा आहे, असं म्हणणाऱ्यांना मी तोंडावर खोटारडे म्हणेन. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना बजावलं होतं की २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातला आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्या. महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्याने तो दिला नाही. जे देतात तेही मार्चच्या तोंडावर, म्हणजे खर्च करा नाहीतर परत पाठवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. योग्यच झालं. पण केसपेपरच्या त्या चिल्लरीतून आमच्याकडे जनरेटरचं डिझेल यायचं. ती भर कोण घालणार, हे आधी ठरवायला नको? महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं कवच आहे म्हणतात. आहे ना! पण ते घेऊन बाईने रात्री दोन वाजता जायचं कुठे?

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण गेले, त्यात बारा नवजात बाळं. सगळे तिकडे धावले. रुग्ण सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून येतात, हे तिथल्या अधिष्ठात्यांनीच सांगितलं. मग वाटेतली रुग्णालयं काय करत होती, हे कुणीच विचारलं नाही. मी सांगतो. ती रेफर लिहीत होती.

छोट्या दवाखान्यात काही होत नाही, हेही मला ऐकवू नका. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाने तडफडणारी माणसं पाहिली ती महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्यांनी कितीतरी जीव वाचवले आणि जगाने ते उपचार उचलले. तिथे काही संगमरवर नव्हता. मुक्कामाला राहणारा डॉक्टर होता.

आमच्या रुग्णालयाला भूलतज्ज्ञ द्या. औषधांचे पैसे एप्रिलात द्या. डिझेलची तरतूद करा. तोवर आमच्या तालुक्यात फीत कापायला येऊ नका.